भिंतीवरची शाळा

सकाळी साडेसातला नळाला पाणी येतं आणि पावणेआठला आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर शाळा भरते. पलीकडे बाई, अलीकडे मी, मध्ये कढीपत्ता. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यात. त्यांचे यजमानसुद्धा त्यांना बाईच म्हणतात.

परवा विषय मीच काढला. "धाकटा म्हणतोय, साताऱ्याला परत येतो. नातीला जूनमध्ये पहिलीत घालायचंय ना."

"अगंबाई! पुणं सोडून?"

"हे बघा म्हणजे कळेल." मी मोबाइल पुढे केला. सूनबाईने शाळेचा फीचा कागद फोटो काढून पाठवला होता.

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि हजेरी घ्यावी तशा वाचायला लागल्या. "फी १,१५,०००. बस ३२,०००. वह्यापुस्तकं ९,०००. आणि ती शाळेतूनच घ्यायची? बरं. गणवेश, बूट, खेळाच्या तासाचा वेगळा टी-शर्ट, ७,०००. वहिनी, हे पहिलीचं की वकिलीचं?"

"पहिलीचं."

लाइट बिल भिंतीवरच पडलं होतं. बाईंनी ते उलटं केलं, पेन्सिल काढली. "झाले १,६३,०००. घरभाडं?"

"वाकडला २९,०००. महिन्याचं."

"म्हणजे वर्षाचं ३,४८,०००. एकूण ५,११,०००." त्यांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. "आणि इथे वरचा मजला रिकामा, त्यात तुमचे कांदे वाळतायत. येऊ दे की पोराला!"

मलाही क्षणभर हलकं वाटलं. पण बाईंची पेन्सिल खाली ठेवलेली नव्हती. "सूनबाईच्या नोकरीचं काय?"

"लॅबमध्ये आहे. ३६,००० मिळतात. ते सोडावं लागेल. इथे मिळेल तेव्हा मिळेल, तेही निम्म्यानं."

"मग पहिल्या वर्षाचे ४,३२,००० वजा करा. राहिले ७९,०००. मुलगा कंपनीत आठवड्यातून किती वेळा जाणार?"

"दोनदा."

"जाता-येता खेड शिवापूरचा टोल, आनेवाडीचा टोल, वर डिझेल. ते ७९,००० रस्त्यातच सांडले म्हणून समजा." त्यांनी बिल माझ्या हातात दिलं. "बाकी शून्य."

मी म्हटलं, "पण भाजी, दूध, कामवाली, सगळं इथे स्वस्त."

"भाजी स्वस्त. तेलाचा डबा, गॅस आणि मोबाइलचं रिचार्ज साताऱ्याला म्हणून कमी लावतात का? आणि जरा मोठं दुखणं निघालं की गाडी पुण्यालाच पळते."

हिशेब बरोबरीत सुटला. मग उरली शाळा. पुण्यात राहायचं तर फी कमी करायचा काही मार्ग आहे का, म्हणून मी विचारलं, "ते २५ टक्क्यांचं आरटीईचं काय असतं?"

"उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत लागतं, वहिनी. नाहीतर वंचित गटाचा दाखला. तुमचं त्यात बसायचं नाही. गरिबांच्या हक्काच्या जागा आहेत त्या. २०२४ मध्ये सरकारनं त्यालाही फाटा फोडला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी नाहीतर अनुदानित शाळा असली की खासगी शाळेला त्यातून सूट. हायकोर्टानं रद्द केलं ते, म्हणून बरं."

"मग त्या कोपऱ्यावरच्यांचं कसं हो बसलं त्यात? दारात चारचाकी, वर सोलर..."

"हळू! भिंतीलाही कान असतात."

"भिंत आपलीच आहे. बोला."

पण बाई बोलल्या नाहीत. नुसत्या हसल्या. त्यातच सगळं आलं.

"त्यापेक्षा सरळ आपल्या मागच्या झेडपीत घाला," त्या म्हणाल्या. आमची कॉलनी साताऱ्याला अगदी चिकटून, पण हद्द ग्रामपंचायतीची. त्यामुळे घरपट्टी कमी आणि रस्त्याला दिवेही कमी. "बालभारतीची पुस्तकं फुकट. दुपारी गरम खिचडी. सेमी इंग्रजी आहे, गणित इंग्रजीतून. शिवाय गावातल्या शाळेत तिसरी ते पाचवी झाली की नवोदयला ग्रामीणमधून बसता येतं. तिथे निदान ७५ टक्के जागा ग्रामीणच्या. आणि झेडपीला नाक मुरडणाऱ्यांना विचारा, २०२० साली अख्ख्या जगातला सर्वोत्तम शिक्षकाचा पुरस्कार कुणाला मिळाला? परितेवाडीच्या डिसले गुरुजींना. माढा तालुका, झेडपीची शाळा! साताऱ्यातलं बोलायचं तर बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या शाळेत दाखल झालं, ते प्रतापसिंह हायस्कूल आज चालवतं कोण? जिल्हा परिषदच."

बाईंचा आवाज असा चढला की आता प्रतिज्ञा सुरू होते की काय असं वाटलं.

"पण बाई, खरं सांगा. शिक्षक वर्गावर असतात का?"

आवाज एकदम उतरला. "असतात. पण ६० मुलांपर्यंत शिक्षक दोनच. चार वर्ग, दोन माणसं. एक पहिली-दुसरी धरतो, दुसरा तिसरी-चौथी. त्यातला एक मतदारयादीच्या कामाला गेला की उरलेला चारही वर्ग सांभाळतो. तांदळाची पोती आली की मोजून घ्या, खिचडीची नोंद करा, फोटो काढा, ऑनलाइन चढवा. मी शेवटची दहा वर्षं मुलांपेक्षा तांदूळ जास्त मोजला असेन. आम्हाला शिकवता येत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. शिकवायला मोकळं ठेवत नव्हते."

हे त्या पहिल्यांदाच बोलल्या. आणि मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी विचारलं, "तुमचा मुलगा मग कुठल्या शाळेत होता हो?"

बाई कढीपत्त्याकडे वळल्या. एक डहाळी तोडली. मग दुसरी. गरज नसताना तिसरी.

"इंग्रजी माध्यम," त्या म्हणाल्या. "सकाळी त्याला रिक्षात बसवायचे आणि मग मी एसटीनं माझ्या शाळेत जायचे. ३२ मुलांचा वर्ग शिकवायला. त्यातलं एक आज डॉक्टर आहे."

"मग त्याला का नाही नेलं बरोबर?"

"केंद्राच्या बैठकीत सगळ्या गुरुजींची पोरं इंग्रजीत. माझं एकटंच मराठीत असतं तर म्हणाले असते, बाईंना परवडत नाही दिसतं." त्यांनी डहाळ्या माझ्या हातात कोंबल्या. "शाळेची भीती नव्हती हो, वहिनी. त्या बैठकीची होती. वर्षाला फी भरत होते ती कुणीतरी विचारलं तर सांगायला नाव असावं म्हणून."

मी लाइट बिलाकडे पाहिलं. दोन रेघांखाली शून्य. त्या बेरजेत भाडं होतं, टोल होता, टी-शर्ट होता. ही रक्कम कुठल्या खात्यात धरायची ते बाईंनीही लिहिलं नव्हतं.

दुपारी लेकाला फोन केला. म्हटलं, पैशासाठी येणार असशील तर येऊ नकोस, पैसे वाचत नाहीत. पोरगी आजोबांबरोबर चालत शाळेत जावी आणि दुपारी घरी जेवायला असावी असं वाटत असेल, तर वरचे कांदे उचलते. मागची शाळा बरी आहे. शिक्षक दोनच, पण आपल्याच घरामागे एक तिसरी आहे, निवृत्त, आणि तिला दिवसभर काही काम नाही. तो म्हणाला, विचार करतो. सूनबाईने मागून विचारलं, "तिथे लॅबला कुणाला विचारलंत का?" म्हणजे निम्मं ठरलंच.

संध्याकाळी बाईंना हे सांगत होते, तेवढ्यात समोरच्या आत्यांनी गेटातूनच हाळी दिली. "काय गं, नात येतीया म्हणं? कंच्या साळंत घालनार?"

मी पदर नीट केला. "सेमी इंग्रजी आहे, आत्या," मी म्हणाले. "चांगली आहे. जवळच."

भिंतीपलीकडे बाईंना ठसका लागला.