दुसऱ्या फ्लॅटचे मालक

सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवर सर्वांत आधी बोलायला उठणारे गृहस्थ बहुधा त्या सोसायटीत राहत नसतात. ते राहतात कोथरूडला. वाकडचा हा फ्लॅट त्यांची ‘इन्व्हेस्टमेंट’ असते. अशा काकांना डायव्हर्सिफिकेशन चांगले कळते : एक फ्लॅट वाकडला, एक बावधनला आणि प्लॉट तळेगावला. शेअर बाजार हा त्यांच्या मते जुगार असतो, म्युच्युअल फंड हा जुगाराचा एजंट. फ्लॅट मात्र ‘दिसतो’. तो दिसतो हे खरेच. त्यावर होणारा खर्च तेवढा दिसत नाही. ‘२००४ साली २० लाखांना घेतला, आज ८० लाख,’ असे काका म्हणतात, आणि ऐकणारे भारावतात. वीस वर्षांत चौपट म्हणजे वर्षाला साधारण सव्वासात टक्के. त्या साली पोस्टातल्या पीपीएफवर आठ टक्के मिळत होते आणि पीपीएफचा नळ कधी गळत नाही.

काका म्हणतील, ‘भाडं विसरलात.’ तेही धरू. ८० लाखांच्या फ्लॅटला महिना २० हजार मिळाले, तर वर्षाचे २ लाख ४० हजार, म्हणजे तीन टक्के. त्यातून ३६ हजार मेंटेनन्स आणि दहाएक हजार मिळकतकर वजा करा. एक महिना घर रिकामे राहते, एका महिन्याचे भाडे ब्रोकर नेतो. उरले दोन टक्क्यांहूनही कमी, आणि रंगकाम अजून व्हायचेच आहे. उलट २००४ मध्ये सहा हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स जुलै २०२४ मध्ये ८० हजारांवर गेला, लाभांश वेगळा. तरीही काकांचे सगळेच चूक नाही. २००८ साली तोच सेन्सेक्स २१ हजारांवरून दहा हजारांच्या खाली आला, तेव्हा शेअरवाले रात्री झोपत नव्हते आणि काका घोरत होते, कारण फ्लॅटचा भाव रोज टीव्हीच्या पट्टीवर धावत नाही. न दिसलेल्या घसरणीत कोणी विकायला धावत नाही. शिवाय हप्ता चुकला तर बँक दारात येते. एसआयपी मात्र काकांच्या स्वभावाच्या माणसाने दुसऱ्याच मंदीत बंद केली असती. काका श्रीमंत झाले ते फ्लॅटने नव्हे, ईएमआयच्या धाकाने.

हा धाक त्यांना मानवतो, कारण भीतीशी त्यांच्या घराण्याचे नाते जुने आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. मुंबईत त्यातून पागडी फोफावली आणि पुण्यातल्या वाड्यांत काकांचे वडील नाममात्र भाड्यात निवांत राहिले. वडिलांना ज्या कायद्याने तारले, त्याच्याच धास्तीने मुलगा भाडेकरूकडे संशयाने पाहतो. वास्तविक १९९९ च्या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सवाल्या मालकाला भक्कम आधार दिला आहे : मुदत संपूनही न हलणाऱ्याला दुप्पट शुल्क पडते. तरी काकांचा करार अकराच महिन्यांचा. अकरा महिन्यांत नोंदणी लागत नाही, ही समजूत इतर राज्यांतून आलेली. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची. तेव्हा दर अकरा महिन्यांनी मुद्रांक, नोंदणी शुल्क आणि पोलीस व्हेरिफिकेशन. बॅचलर नको, नॉनव्हेज नको, कुत्रा नको, आणि एवढे निकष लावून मिळालेले कुटुंब दोनच वर्षांत स्वतःचा फ्लॅट घेऊन निघून जाते.

यावर काकांचा शेवटचा आणि सर्वांत आवडता मुद्दा असतो : ‘मुलांसाठी ठेवतोय.’ मुले बहुतेक वेळा न्यू जर्सीत असतात. इंडेक्स फंडाची युनिटे दोघा भावंडांत वाटायला एक फॉर्म पुरतो. वन बीएचकेचा हॉल धाकट्याला आणि बेडरूम थोरल्याला देता येत नाही. मालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून तीस टक्क्यांहून अधिक टीडीएस कापायचा, आणि मुखत्यारपत्रासाठी मुलाने तिकडे रजा काढायची. मग निदान भाड्याचे पैसे तरी बाजारात घाला, असे सुचवून पाहावे. काका हसतात. ते पैसे तळेगावच्या प्लॉटच्या हप्त्यात आधीच गेलेले असतात, आणि शेजारचाही प्लॉट स्वस्तात सुटतोय म्हणे.