लक्ष कुठंय तुझं?

शाळेत गुरुजी विचारतात, घरात बायको विचारते, खात्यात सुपरवायझर विचारतो. उत्तर कुणालाच नको असतं. वेंधळा, आळशी, बेजबाबदार हे शिक्के आधीच तयार असतात.

सिल्वासात किलवणी नाक्यावर शिफ्ट सुटते तेव्हा बघा. आईची बीपीची गोळी आणायला निघालेला पस्तिशीचा गडी वाटेत मोबाईलला रिचार्ज मारतो, ओळखीचा भेटला म्हणून चहाला थांबतो, हेल्मेट टपरीवर विसरतो, ते आणायला परत जातो आणि गोळीशिवाय घरी पोचतो. घरचे म्हणतात, याला आईची काळजीच नाही. काळजी नसती तर रात्री तो बंद मेडिकलच्या शटरसमोर जाऊन उभा राहिला नसता.

अशा वागण्यामागे एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असू शकतो. ही पोरांची भानगड, वयात आलं की आपोआप जाते, असं आपण वर्षानुवर्षं धरून चाललो. अनेकांची जात नाही. धावपळ, उड्या कमी होतात. विसरणं, अर्धवट सोडणं, वेळेचा अंदाज चुकणं आणि फटकन बोलून बसणं तसंच राहतं. मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या डीएसएम या अमेरिकन निदानपुस्तिकेनं २०१३ मध्ये प्रौढांसाठी निकष सैल केले: मुलांना सहा लक्षणं लागतात, मोठ्यांना पाच पुरतात. पण काही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून हवीत आणि घर, काम, नातीगोती यांतल्या एकाहून जास्त ठिकाणी नडायला हवीत. मोबाईलमुळे परवापासून चित्त थाऱ्यावर नाही, त्याला हे नाव लावू नका. आणि ज्याचा जन्म यात चाललाय, त्याला ‘हल्ली सगळ्यांचंच असं होतं’ म्हणून उडवूनही लावू नका.

मग फुकटचा सल्ला येतो: ध्यान कर. इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यना शिकवतात. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, दिवसाचे दहाएक तास बैठक. त्याचं मोल मोठं आहे. पण ज्याला पंगतीत पंधरा मिनिटं एका जागी बसवत नाही, त्याला पहिलीच पायरी म्हणून तिकडे धाडणं हा अन्याय आहे. तो दुसऱ्या दिवशी परत येईल आणि ‘हेही जमलं नाही’ असा आणखी एक शिक्का कपाळावर घेऊन येईल.

याच्या कामाची आहे ती रोजच्या धबडग्यात बसणारी सजगता. मन रिकामं करायचं नाहीच. ते भटकणार. भटकलंय हे लवकर ओळखायचं आणि परत आणायचं, एवढंच. सिल्वासाच्या सुताच्या कारखान्यांत हजारो हात रोज हेच करतात: धागा तुटला की टोक शोधायचं, पुन्हा ओवायचं, पुढे सरकायचं. धागा तुटला म्हणून तिथं कुणी स्वतःच्या थोबाडीत मारून घेत नाही.

आठवणीनं करायचं म्हटलं तर राहून जाईल, म्हणून रोज घडणाऱ्या गोष्टीलाच हे बांधा. हेल्मेटचा पट्टा लावलात? किल्ली फिरवायच्या आधी एक श्वास पूर्ण आत, पूर्ण बाहेर. पाय जमिनीवर टेकलेत ते जाणवू द्या. मग स्वतःला विचारा: कुठं चाललोय, कशासाठी? ‘आईची गोळी’ हे उत्तर तोंडानं म्हणा. तळहातावर लिहून ठेवलंत तर आणखी बरं. त्यात कमीपणा काय? कुणावर आवाज चढायच्या आधीही हाच एक श्वास.

याला आधार आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लिडिया झायलोस्का आणि सहकाऱ्यांनी २४ प्रौढ आणि ८ किशोरवयीनांना आठ आठवडे असं शिकवलं. सुरुवात पाच मिनिटांनी, हळूहळू पंधरापर्यंत. बसवत नाही त्यानं चालत करायचं. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले, लक्षणं कमी झाल्याचं अनेकांनी सांगितलं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. २०१९ मध्ये नेदरलँड्समधली १२० प्रौढांची चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात तसा गट होता. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सजगता शिकलेल्यांची लक्षणं नुसते उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली.

म्हणून श्वासाच्या भरवशावर डॉक्टरनं दिलेली गोळी बंद करू नका, आणि ‘श्वास घे, गोळ्या सोड’ असं सांगणाऱ्याला दारात उभं करू नका. निदान मानसोपचारतज्ज्ञच करणार. सिल्वासाला विनोबा भावे रुग्णालय आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे केसपेपर काढून चौकशी करा. तिथवर जायचा धीर होत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फिरवा. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता शेवटचं, सुपरवायझरसाहेबांना. बारा-बारा तास उभं करून, एका दमात सात कामं सांगून, वर भिंतीवर ‘लक्षपूर्वक काम करा’ रंगवायचं, हे बंद करा. एका वेळी एक काम सांगा, कागदावर लिहून द्या, शिफ्टच्या सुरुवातीला दोन मिनिटं शांत उभं राहू द्या. याला फार पैसा लागत नाही. आणि घरच्यांनो, पुढच्या खेपेला ‘लक्ष कुठंय तुझं?’ विचाराल तेव्हा शेजारी बसा आणि उत्तर ऐकून घ्या.