एकही भोक न पाडता

अण्णा तुम्हाला माहीत आहेत. जुन्या वस्तूचा स्क्रूसुद्धा बदलू न देणारे, आणि मग गुपचूप आतून सगळंच बदलणारे. तुमच्याकडच्या अण्णांकडे लॅम्ब्रेटा असेल, ग्रामोफोन असेल. आमच्या कॉव्हेंट्रीतल्या अण्णांकडे १९६५ची एमजीबी आहे. ॲबिंग्डनच्या कारखान्यात घडलेली, उघड्या टपाची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. तिला त्यांनी विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग बसवलं आणि तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींची सुटका नाही. गणपतीचा प्रसाद हातावर पडायच्या आत अण्णा कानाशी येतात, "बसवलं. पण एकही भोक पाडलेलं नाही हं!"

जुन्या गाड्यांच्या जगात भोक म्हणजे पाप. काय हवं ते बसवा, पण उद्या ते काढून गाडी होती तशी करता आली पाहिजे. हा नियम अण्णांनी गाडीपुरता ठेवला असता तर आम्ही सुखात राहिलो असतो. त्यांच्या घरात भिंतीला खिळा नाही. विठोबाची तसबीर चिकटपट्टीवर, त्यामुळे विठोबा अधूनमधून जमिनीवर येतो. नातीचे कान टोचायचं ठरलं तेव्हा आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, "नंतर बुजतं ना?" खांदा दुखायला लागला, डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून तीन बारीक भोकं पाडून दुरुस्त करू. अण्णा उठले, घरी आले आणि त्यांनी खांद्याऐवजी गाडी दुरुस्त केली.

खांद्याचंही ऐकून घेतलं पाहिजे. एमजीबीचा कॅस्टर मुळात ७ अंशांचा, म्हणजे पुढची चाकं ज्या आसाभोवती वळतात तो आस चांगलाच मागे कललेला. त्यामुळे सरळ रस्त्यावर गाडी आपसूक सरळ धावते, पण वळणावरही चाकं सरळच व्हायला बघतात आणि माणसाला त्यांच्याशी कुस्ती खेळावी लागते. त्यात अण्णांनी शर्यतीसाठी रुंद, रस्त्याला चिकटणारे टायर घातले आणि हातातलं चाक लहान केलं. अर्ध्या शर्यतीतच खांदा बोलायला लागायचा. सोडा हे, असं म्हटलं की १९६३च्या ल माँच्या शर्यतीची गोष्ट ऐकावी लागे : एमजीबी वाळूत रुतली, ड्रायव्हर तासाहून जास्त वेळ वाळू उपसत बसला, तरी बारावी आली!

मग भंगारातल्या व्हॉक्सहॉल कोर्साचा स्टिअरिंग कॉलम घरी आला. त्यातली एक बारीक दांडी तुमच्या हाताने किती पिळली जाते ते सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबात मोटर जोर लावते. कोर्सात वेग वाढला की ही मदत कमी होते. एमजीबी आपला वेग कुणाला कळवत नाही, तेव्हा बिचारा कंट्रोलर गोंधळून मध्यम मदतीवर थांबतो. अण्णांनी मदत कमी-जास्त करायचं बटण वेगळं जोडलं. "चिकटपट्टीने! भोक नाही!" ब्रॅकेट मूळच्याच बोल्टांवर, वायर हीटरच्या पाइपाशेजारच्या रबरातून. शिवाय त्या काळच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, आणि कोर्साला तिथे ऋण टोक हवं. ही मोटर उभ्या गाडीची चाकं वळवताना करंट बदाबदा ओढते, ते डायनॅमोच्या आवाक्यातलं नव्हे. म्हणून डायनॅमो गेला, अल्टरनेटर आला, धन-ऋण उलटं झालं. पण भोक? छे. काढलेलं सगळं माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळून.

एफआयएच्या, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, ज्या नियमांत जुनी गाडी तिच्या काळात होती तशीच धावावी लागते, तिथे हे चालायचं नाही. अण्णा फेरफार केलेल्या गाड्यांच्या क्लब शर्यतीत उतरतात. ही लबाडी नव्हे का, असं मी खवचटपणे विचारलं. "फॉर्म्युला वनमध्ये पॉवर स्टिअरिंग असतंच," ते म्हणाले, "फक्त विजेवरचं चालत नाही. म्हणजे माझ्याकडे आहे ते हॅमिल्टनलासुद्धा मिळत नाही!"

टाटांनी २००८ साली जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यावर पुण्याहून जे इंजिनिअर इकडे आले, त्यांतले हे एक. दोन वर्षांसाठी आले होते. वहिनी म्हणतात, "आल्या दिवसापासून आम्ही परत जायला निघालोय." कोथरूडचा फ्लॅट कुलूप लावून ठेवलेला, मेंटेनन्स भरलेला, गॅसचं कनेक्शन चालू. गेल्या वर्षी सोसायटी पुनर्विकासाला गेली. बिल्डिंग पाडतानाचा व्हिडिओ कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला. अण्णांनी तो पाहिला, परत पाहिला आणि गॅरेजात गेले. कोर्साचा कॉलम त्यानंतरच्याच आठवड्यात आला. मी दोन गोष्टींचा संबंध लावत नाही. अण्णांना आवडायचं नाही.

ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर मीही गेलो होतो, वहिनींच्या डब्याच्या आशेने. शर्यतीआधी गाडी तपासायला एक वयस्कर साहेब आले, टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवे झाले. अण्णांचा श्वास अडकलेला. साहेब बराच वेळ तिथे रमले, मग कपडे झटकत उठले. "भोकं नाहीत," ते इंग्रजीत म्हणाले, आणि दोघांनी असा हात मिळवला की मला उगाच परक्यासारखं वाटलं.

तिथलं ड्रुइड्सचं वळण उजवीकडे जवळजवळ उलटं फिरतं. दरवर्षी तिथे अण्णांचा चेहरा पिळवटलेला दिसायचा; या वेळी ते शीळ घालत असावेत. आले शेवटून दुसरे. पण उतरल्यावर हेल्मेट काढायला उजवा हात सरळ वर गेला. तो हात वर जाताना पाहून मला बरं वाटलं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

"हलकं झालंय एकदम," अण्णा म्हणाले, आणि लगेच, "पण काढता येतं हं! एका दुपारचं काम."

"कधी काढताय?"

"बघू. पुढच्या सीझननंतर. परत जायचं ठरलं की."

वहिनींनी पोळीची सुरळी त्यांच्या हातात दिली. "जाताना दुकानात थांबायचंय," त्या म्हणाल्या. "ड्रिल मशीन घ्यायचंय. विठोबा पुन्हा पडलाय."