मुलाखतीची पळे-विपळे

वयोवृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्या कागदावर उतरविण्याचे सत्कार्य ज्याने अंगावर घेतले आहे, त्याने प्रथम हे जाणावे की सांगणाऱ्याची स्मृती आणि आपले यंत्र यांच्या कालगणना भिन्न असतात, आणि दोहोंचा मेळ घालण्याचे ओझे अखेरीस अशा एका अनुपस्थित, अल्पवेतनी इसमावर पडते, जो मुलाखतीच्या वेळी तेथे नव्हता आणि ज्याला चहाही मिळाला नव्हता.

यंत्राच्या कालगणनेस टाइमकोड म्हणतात. तास, मिनिट, सेकंद आणि सेकंदाच्याही पोटातील फ्रेम अशा चार जोडअंकांनी ती प्रत्येक क्षणाची नोंद करते. आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या प्रघाताप्रमाणे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर पंचांगातील एका विपळात बरोबर दहा फ्रेम बसतात. उलटपक्षी, मुलाखत देणारे गृहस्थ पुण्याचे असतील, तर त्यांच्या हिशेबी युगे दोनच : पानशेतच्या आधीचे आणि पानशेतच्या नंतरचे. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले हे त्यांना पक्के ठाऊक असते. बाकी सर्व घटना त्या पुराच्या अलीकडे-पलीकडे तरंगत असतात. ‘‘थोरलीचं लग्न पानशेतच्या आधी झालं... छे, नंतर, मांडवाला बांबू मिळेना ना!’’ ही डळमळीत जबानी आपल्या दप्तरी ११:४२:१७:०९ या निःसंदिग्ध स्थळी रुजू होते, यातच या शास्त्राची थोरवी आहे.

आता तयारी. कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक या दोन्ही यंत्रांचा टाइमकोड घड्याळाच्या वेळेशी आणि परस्परांशी जुळवून घ्यावा, मुद्रण थांबले तरी तो चालू राहील अशी व्यवस्था करावी, आणि दोहोंची फ्रेमसंख्या एकच आहे याची जातीने खातरजमा करावी. परदेशस्थ भाच्याने प्रेमाने धाडलेला कॅमेरा बहुधा अमेरिकी रीतीचा, सेकंदाला २९.९७ फ्रेमचा निघतो. तेथे फ्रेमना तिसाच्या हिशेबाने क्रमांक दिले, तर तासाला ३.६ सेकंदांची तूट येते. म्हणून प्रत्येक मिनिटारंभी दोन क्रमांक वगळावयाचे, मात्र दर दहाव्या मिनिटाला वगळावयाचे नाहीत, असा तोडगा त्यांनी काढला आहे. चित्र एकही गळत नाही, गळतात ते केवळ आकडे. क्षयतिथीला दिवस जसा बुडत नाही, तसाच हा प्रकार. ज्याला पंचांग कळते त्याला हे चटकन उमगेल. इतरांनी २५ वरच समाधान मानावे.

मायक्रोफोन दोघांना स्वतंत्र लावावेत आणि दोघांचे आवाज स्वतंत्र ट्रॅकवर घ्यावेत, अन्यथा मुलाखतकाराचे उत्साही ‘हं, हं’ वृद्धांच्या नेमक्या मोलाच्या शब्दावर स्वार होते. पंखा बंद करावा. मे महिन्यात यावर घरमालकांचा आक्षेप येईल. तो नम्रपणे ऐकून घ्यावा आणि पंखा बंदच ठेवावा. कुकरच्या शिट्ट्यांविषयी स्वयंपाकघराशी आगाऊ वाटाघाट करावी.

खरा घोटाळा मुद्रणानंतर होतो. ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारच्या फाइलीत आरंभीची वेळ मध्यरात्रीपासूनच्या ध्वनिनमुन्यांच्या संख्येने लिहिली जाते. सेकंदाला ४८,००० नमुने या मानाने सकाळी ठीक अकराला सुरू झालेल्या मुलाखतीच्या माथी १९० कोटी ८ लाख हा आकडा पडतो. लेखनिकाला पाठविण्यासाठी तिची एमपी३ केली की हे ललाटलेखन सहसा पुसले जाते, त्याचे घड्याळ शून्यापासून सुरू होते आणि त्याच्या प्रतीतील एकही वेळ मूळ मुद्रणाशी जुळत नाही. यास्तव आरंभीची वेळ फाइलीच्या नावातच घालावी. शिवाय, एखाद्या कॅमेऱ्याला टाइमकोड घेण्याची सोय नसेल, तर तो ध्वनिरूपाने एका ट्रॅकवर मुद्रित करतात. तो ट्रॅक तसाच पाठविल्यास लेखनिकाच्या एका कानात सत्याग्रहाचा वृत्तान्त आणि दुसऱ्या कानात अखंड कर्कश किरकिर, अशी त्याची दशा होते.

लेखनिकाने फ्रेमच्या नादी लागू नये. बोलणारा बदलला की, आणि एकच जण बोलत राहिल्यास दर मिनिटाला, सेकंदापर्यंतची वेळ टाकली म्हणजे पुरे. न कळलेला शब्द अंदाजाने न भरता तेथे चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ असे लिहून वेळ द्यावी.

अपवाद एकच. तासाभराने आजोबा पुढे वाकून, आवाज खाली आणून धाकट्या भावाच्या वाटणीची सगळी हकिकत सांगतात, आणि ती संपल्यावर म्हणतात, ‘‘हे तेवढं लिहू नका हं.’’ ही आज्ञा निमूटपणे पाळावी. तो मजकूर प्रतीतून गाळावा, आणि चित्रफितीतूनही तो काढता यावा म्हणून त्याचा आरंभ व शेवट मात्र फ्रेमपर्यंत बिनचूक टिपून संकलकाकडे पाठवावा. आरंभ शोधणे अवघड नाही. आजोबांनी आवाज खाली आणला तेथे.