गवताखालचं पाणी

प्लास्टिकचं गवत आता कुठे नसतं? सलूनच्या भिंतीवर असतं, लग्नाच्या स्टेजमागे असतं, कॅफेच्या गच्चीवर असतं आणि संध्याकाळी पोरांच्या बॉक्स क्रिकेटखाली तर असतंच. या सगळ्या ठिकाणी ते बिचारं सुखात आहे. त्याचे हाल सुरू होतात ते माणूस त्याला अंगणात आणतो तेव्हा. त्यातून अंगण काळ्या मातीचं आणि महिना जुलै असेल, तर विचारायलाच नको.

पुण्याच्या कडेला शेतं मोडून उभ्या राहिलेल्या एका रो-हाउसच्या वसाहतीत आम्ही राहतो. घरं नवी, गेटवरची नावं इंग्रजी. माती मात्र जुनीच, कापसाची काळी. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन झालेली ही माती स्वभावाने मोठी मानी. पाणी प्यायली की फुगते, आटली की रुसून भेगाळते. मे महिन्यात भेगेत किल्ली पडली तर ती गेलीच म्हणून समजावं. पहिला पाऊस ती भेगांतून घटाघटा पिते आणि पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय निचरा आहे! मग भेगा मिटतात आणि पुढचे तीन महिने ती एक थेंबही खाली सोडत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सोनं. अंगणात स्कूटर लावणाऱ्याच्या दृष्टीने नुसता राडा.

शेजारच्या काकांनी या राड्यावर उपाय म्हणून हिरवळ अंथरायचं ठरवलं. गवतवाला नमुने घेऊन आला: पंचवीस मिलिमीटर, पस्तीस मिलिमीटर, मऊ, जास्त मऊ. काका एकेका तुकड्यावरून पैठणी पारखल्यासारखा हात फिरवत होते.

‘पावसाची काळजीच नको सर,’ गवतवाला म्हणाला. ‘मागून भोकं असतात. पाणी थेट खाली जातं.’

‘खाली म्हणजे कुठे?’ स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं.

गवतवाल्याने चाळीस मिलिमीटरचा नमुना बाहेर काढला.

माझ्या मते या धंद्यातला खरा प्रश्न एवढाच आहे आणि तो काकूंनी भाजी चिरता चिरता विचारून टाकला. भोकं खोटी नसतात. पण भोकातून उतरलेल्या पाण्याला पुढे वाट लागते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. काकांचं अंगण २० बाय १५ फूट, म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. एखाद्या दुपारी ५० मिलिमीटर कोसळला की १४०० लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी त्यापुढे लहान. एवढं पाणी फुगलेल्या मातीवर तसंच बसून राहिलं, की गवत वरून हिरवंगार आणि पाय ठेवला की पचक्. पुढे वास, त्यापुढे डास. वरून कीर्तन, आतून तमाशा.

यात गवताला तरी किती दोष द्यायचा? त्याचं नाव झालं तेच मुळी छपराखाली. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ साली अ‍ॅस्ट्रोडोम नावाचं झाकलेलं स्टेडियम उघडलं. छताच्या पारदर्शक तावदानांमुळे खेळाडूंचे डोळे दिपायचे आणि उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. ऊन अडलं तसं खालचं खरं गवत मेलं. १९६६ साली तिथे नायलॉनचं गवत आलं. ज्या कुळाने उमेदीच्या काळात पाऊस पाहिला नाही, त्याला आपण थेट आषाढात उभं करतो.

उपाय आहे, पण तो दिसत नाही. पंचाईत तिथेच आहे. आधी माती चांगली सहा-आठ इंच खरवडायची. मिस्त्रीने पाण्याची नळी धरून ढाळ काढायचा, १५ फुटांत दोन-तीन इंच, आणि तो घराकडे नव्हे, घरापासून लांब. मग फेल्टसारखं जाड कापड, म्हणजे चिखल वर येत नाही आणि खडी खाली बुडत नाही. त्यावर खडीचा थर, त्यावर बारीक खडी, ठोकून घट्ट. अंगणाच्या कडेने चर, चरात भोकांचा पाइप, पाइपभोवती पुन्हा खडी. पाइप न्यायचा तो पावसाळी गटाराकडे, नाहीतर काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोल नेलेल्या शोषखड्ड्यात. मुरूम न लागलेला शोषखड्डा म्हणजे नुसतं डबकं.

चरातल्या खडीची ही युक्ती रूढ केली ती मॅसॅच्युसेट्सच्या हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाच्या वकिलाने. १८५९ साली त्याने शेतातल्या निचऱ्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा मुलगा डॅनियल शिल्पकार झाला. वॉशिंग्टनमधला खुर्चीत बसलेला संगमरवरी लिंकन त्याचाच. लेकाचं काम बघायला जग लोटतं. बापाचं काम नीट झालं असेल तर ते आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

काकांचं दुःख नेमकं हेच. काकूंच्या प्रश्नापायी गवताइतकेच पैसे खडीत गेले आणि आलेला पाहुणा ‘वा, गवत छान आहे’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे हल्ली त्यांच्याकडे चहाआधी एक कार्यक्रम असतो. काका बादलीभर पाणी गवतावर ओततात आणि पाहुण्याला कोपऱ्यातल्या पाइपाच्या तोंडाशी उकिडवं बसवतात. धार दिसली की चहा येतो. मेमध्ये गवत तापून पाय भाजतात, तेव्हा हाच कार्यक्रम ‘गवत गार करणे’ या नावाने होतो.

यंदाच्या पावसात भिंतीलगतच्या फटीतून थोडी खरी हरळी वर आली. मुळं पसरायच्या आत उपटून टाका, असं गवतवाल्याने फोनवर बजावलं. काका खुरपं घेऊन निघालेही होते. काकूंनी खुरपं काढून घेतलं. बाजारात दूर्वांची जुडी काय भावाने मिळते ते ऐकवलं आणि गणपती होईपर्यंत त्या कोपऱ्यात कुणी पाय ठेवायचा नाही, बादलीसुद्धा नाही, असं सांगून टाकलं.