दुसरी चावी कुठाय?

मोटारसायकल चोरायला एकही चावी लागत नाही. चोरीला गेलेल्या मोटारसायकलीचे पैसे विमा कंपनीकडून मिळवायला मात्र दोन लागतात. दोन्ही अस्सल, शोरूमने दिलेल्या, एकाच जोडीतल्या.

आमच्या शेजाऱ्यांची गाडी पावसाळ्यात सोसायटीच्या फाटकाबाहेरून गेली. तक्रार झाली, पंचनामा झाला, भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागलं. (जुनं 379 जाऊन 1 जुलै 2024 पासून हे आलं. चोरांना कुणी कळवलंय की नाही, देव जाणे.) सीसीटीव्हीही पाहून झाला. त्यात मध्यरात्रीनंतर एक सडपातळ तरुण येतो, गाडीवर बसतो, क्षणभर खाली वाकतो आणि निघून जातो. चेहरा दिसत नाही, कारण त्याने हेल्मेट घातलंय. पुण्यात बंद काचेचं हेल्मेट, पट्टा आवळून, स्वखुशीने घालणारा हा एकच वर्ग उरलाय. रस्ता सुरक्षेच्या फलकावर खरं तर त्याचाच फोटो लावायला हवा. असो. हे सगळं उरकल्यावर शेजाऱ्यांनी विमावाल्यांना फोन केला. पलीकडच्या मुलीने रीतसर हळहळ व्यक्त केली आणि लगेच विचारलं, ‘‘सर, दुसरी चावी आहे ना?’’

दुसरी चावी काय चीज असते, हे गाडी घेतलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, पेढे, फोटो. या धांदलीत शोरूमचा मुलगा एका कडीत अडकवलेल्या दोन चाव्या हातावर ठेवतो. सोबत नंबर कोरलेला एक चिमुकला पत्रा असतो. तो कशासाठी असतो, असं आजवर एकाही मराठी माणसाने विचारलेलं नाही. तो घरी येईपर्यंत पडतो. एक चावी कामाला लागते. दुसरी देवघराच्या खणात जाते. कापूर शोधताना कुणीतरी ती काढून फ्रिजवर ठेवतं. फ्रिजवरून ती बिस्किटांच्या जुन्या डब्यात मुक्कामाला जाते. तिथे मिक्सरचं वॉरंटी कार्ड, एक पाना, सफारीची सुटी बटणं आणि केव्हाच भंगारात गेलेल्या स्कूटरची चावी असे समदुःखी आधीपासून नांदत असतात. मग दिवाळी येते, साफसफाई निघते, डबा रिकामा होतो. ‘‘मी कशाला टाकीन? तुमच्याच बॅगेत बघा.’’ बॅगेत नसते. शेजाऱ्यांच्या घरी त्या आठवड्यात जी शोधमोहीम झाली, तिच्या निम्म्याने जरी गाडीसाठी कुणी धावपळ केली असती, तर गाडी टाकीतल्या पेट्रोलसकट परत आली असती. माळा उतरवला. गाद्या उलट्या केल्या. चावी अखेर वहिनींच्या शिवणाच्या डब्यात, बॉबिनच्या खाली मिळाली, आणि घरात गाडी सापडल्याइतका आनंद झाला.

कंपनीची बाजूही सांगायला हवी. त्यांचं म्हणणं असं की, एक चावी कमी असेल तर ती गाडीलाच लटकत राहिली असणार. म्हणजे तुमचा निष्काळजीपणा. किंवा मग तुम्हीच गाडी परस्पर कुणाला तरी विकलीत, चावी त्याच्या हातात ठेवलीत आणि आता चोरीची बोंब मारताय. असे महाभाग असतात, नाही असं नाही. पण थोडा विचार करा. जो माणूस बनाव रचायला बसतो, तो आधी दोन्ही चाव्या जपून ठेवतो, कारण फॉर्म त्याने वाचलेला असतो. दुसरी चावी हरवते ती साध्या माणसाची. त्याला गाडी चोरीला जाणार हे आधी ठाऊक नसतं, एवढाच त्याचा गुन्हा.

बरं, चावी मिळाली म्हणून सुटलात असंही नाही. चौकशीला एक गृहस्थ आले. चहा नको म्हणाले, मग घेतला. दोन्ही चाव्या त्यांनी खिडकीशी नेल्या, उजेडात आडव्या धरल्या, कडांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. ‘‘ही झिजलेली आहे.’’ हो, रोजची आहे. ‘‘आणि ही नवी कोरी कशी?’’ शिवणाच्या डब्यात होती. गृहस्थांनी लिहून घेतलं. मला खात्री आहे, दुसरीही झिजलेली निघाली असती तर ‘‘ही कोण वापरत होतं?’’ असं त्यांनी विचारलं असतं, आणि दोन्ही कोऱ्या असत्या तर गाडी ढकलत नेत होता का, असं. चोराने गाडी कशाने नेली, हा प्रश्न मात्र त्यांच्या कागदावर नव्हताच.

दरम्यान आमच्या चौकात, छत्रीखाली, रस्त्याच्या कडेला पत्र्याची पेटी मांडून चावीवाला बसतो. त्याच्यासमोर कुलूप ठेवा. तो एक कोरी चावी आत सरकवतो, हलवून बाहेर काढतो, तिच्यावर उठलेल्या पुसट खुणा बघतो, कानस चालवतो, परत घालतो. सिगारेट संपायच्या आत कुलूप उघडतं. गाडी कोणाची, आरसी दाखवा, दुसरी चावी कुठाय, असलं काही तो विचारत नाही. सभ्य माणूस आहे. पण त्याची चावी विमावाल्यांना चालत नाही. तिने गाडी सुरू होते, बंद होते, डिकी उघडते. फक्त दावा उघडत नाही. आणि सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी तर पुढचं वाचूच नये. ‘‘दुसरी चावी घरी आहे, उद्या पाठवतो,’’ असं म्हणून पैसे मोजून घेतलेल्या मूळ मालकांचा उद्या अजून उगवायचाय.

यावर उपाय म्हणून मी आता गाडी जपायचा नाद सोडून दुसरी चावी जपायचा सल्ला देत सुटलोय. गाडी फाटकाबाहेर राहू दे, पावसात भिजू दे. चावी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. लॉकरचं वार्षिक भाडं गाडीच्या विम्याच्या हप्त्यापेक्षा जास्त पडेल, पडू दे. लॉकरलाही चावी असते, ती एकच मिळते आणि हरवली तर बँक लॉकर फोडून त्याचा खर्च तुमच्याकडूनच घेते, हे लक्षात ठेवून त्या चावीसाठी घरात कपाट घ्या. कपाटाला दोन चाव्या येतात. त्यातली दुसरी सासुरवाडीला ठेवा. मोटारींसाठी हरवलेली चावी बदलून देण्याचं जोड-संरक्षण मिळतंच. ते दुचाकीच्या दुसऱ्या चावीलाही मिळावं. तिथेही चौकशीचे गृहस्थ येतील. ‘‘चावी हरवली म्हणता, मग गाडी दाखवा.’’ गाडी चोरीला गेली. ‘‘मग त्याचा दावा आधी निकाली काढा.’’ त्यासाठी चावी लागते. ‘‘ती तर हरवली म्हणताय ना?’’ अशा रीतीने दोन्ही फायली दोन टेबलांवर एकमेकींची वाट बघत सुखाने जुन्या होतील. लग्नाच्या बोलणीतही हा मुद्दा यावा. मुलगा इंजिनियर, स्वतःचा फ्लॅट, दुचाकी, दोन्ही चाव्या जागेवर. असं स्थळ हातचं जाऊ देऊ नका.

आता गंमत पुरे. राग कशाचा येतो ते सांगतो. लाखाच्या पुढची गाडी. तिच्या तोंडावर रंगीत पडदा, तो तुमच्या फोनशी बोलतो, घरून बायकोचा फोन आला तर तसं दाखवतो, पुढच्या वळणाचा बाण काढतो. हँडल लॉक मात्र आमच्या वडिलांच्या गाडीला होतं तेच: लोखंडाची एक बोटभर खुंटी, जी शाळकरी पोराच्या लाथेलाही दबते. मोटारीत चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही, ही सोय कित्येक वर्षं आहे. बहुतेक साध्या मोटारसायकलींत ती अजून नाही, कारण किंमत वाढेल म्हणे. पडद्याने वाढत नाही वाटतं? गाडी करणाऱ्याने कुलूप कच्चं ठेवायचं, सोसायटीने फाटकाला दिवा लावायचा नाही, पैसे घेऊन गाडी लावू देणाऱ्याने पावतीवर ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापायचं आणि पुढे सगळ्यांनी मिळून ज्याची गाडी गेली त्याची उलटतपासणी घ्यायची. त्या पावतीवर तर माझा विशेष राग आहे. जबाबदारी माझीच असेल तर हे दहा-वीस रुपये कसले? माझीच गाडी मी सांभाळल्याचे मी तुम्हाला का द्यायचे?

या साऱ्या प्रकारात एकच वस्तू खरोखर सुरक्षित आहे. नंबरप्लेट. उच्च सुरक्षा म्हणतात ती. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, कोपऱ्यात लेसरने कोरलेला दहा आकडी क्रमांक असतो आणि ती अशा कुलपाने ठोकलेली असते की एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. लोकांनी मुदतवाढीवर मुदतवाढ खात, रांगा लावून बसवून घेतली. म्हणजे न उघडणारं कुलूप या देशात बनवता येतं, हे सिद्ध झालं. ते आपण पाटीला लावलं.

शेजारी तसे नशीबवान. त्यांचा ‘पाच वर्षांचा विमा’ खरोखर उपयोगी पडला, कारण चोरीचा भाग ते दरवर्षी वेगळा भरत होते. बाकीच्यांनी कागद काढून बघावा. सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी घेताना जो पाच वर्षांचा विमा सक्तीने गळ्यात मारतात, तो त्रयस्थाच्या नुकसानीचा असतो. तुम्ही कुणाला धडकलात तर तो धावून येतो. तुमची गाडी कुणी उचलून नेली तर त्याचा काही संबंध नसतो. चोरीचा भाग वर्षाने संपतो आणि नूतनीकरणाचा मेसेज आपण कर्जवाल्यांचा समजून पुसून टाकतो.

तर दावा मान्य होण्यासाठी पोलिसांचा अंतिम अहवाल लागला. गुन्हा खरा, पण शोध लागत नाही, असं झालं की ‘अ’ समरी मिळते. शेजाऱ्यांना शाळेपासून आजतागायत कशातही ‘अ’ मिळालेला नव्हता. ती न्यायालयाने मंजूर करेपर्यंत महिने गेले. मग नमुना 28, 29, 30 वर सह्या. हे आरटीओचे गाडी हस्तांतराचे फॉर्म. म्हणजे जी गाडी नाही, ती त्यांनी कंपनीच्या नावे करून द्यायची. उद्या सापडली तर कंपनीची. शेवटी रक्कम आली. गाडीने तीन वर्षं ओलांडली होती, म्हणून कोष्टकाप्रमाणे चाळीस टक्के घसारा आधीच गेलेला. त्यातून सक्तीची वजावट शंभर रुपये. ही शंभरची वजावट मला फार आवडली. सगळं झाल्यावर हिशेबनीसाने चहाचे ठेवून घेतल्यासारखी.

त्या पैशात स्वतःचे घालून शेजारी नवी गाडी घ्यायला गेले, मीही सोबत होतो. शोरूमचा मुलगा उत्साही होता. पडदा दाखवला, चार्जिंगची जागा दाखवली, सीट कव्हर आणि साडी गार्ड मोफत म्हणाला. शेजाऱ्यांनी वाकून हँडलखाली पाहिलं आणि विचारलं, याला काही भक्कम बसवून मिळेल का? चोरीची भीती वाटते. मुलाने काउंटरखाली हात घातला, पितळी रंगाचा, पाठीला चिकटपट्टी असलेला एक गणपती काढला आणि पेट्रोलच्या टाकीवर दाबून बसवला.

‘‘झालं काका. याचे पैसे नाही लावत.’’