लिफ्टपुरता समाजवादी

निवडणूक जवळ आली की मला एका बाईंचा फोन येतो. बाई ध्वनिमुद्रित असतात, त्यामुळे त्यांना मध्येच तोडता येत नाही. "अमुक पक्षाला मत देणार असाल तर एक दाबा" इथून त्या सुरुवात करतात. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी त्यांच्या यादीत दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी होत्या, त्यामुळे शेवटापर्यंत पोचेतो माझा चहा गार झाला. सगळ्यात शेवटी त्या म्हणाल्या, "अद्याप ठरलं नसेल तर नऊ दाबा." मी नऊ दाबला. फोन कट. ज्याचं ठरलेलं नाही त्याच्याशी पुढे काय बोलायचं, हे बाईंना कोणी शिकवलं नसावं.

माझं ठरलेलं नाही हा त्यांचा गैरसमज आहे. माझं भरपूर ठरलेलं आहे. एसटी सरकारचीच हवी, पण ती वेळेवर सुटायला हवी, आणि त्यासाठी खासगीतला माणूस आणून बसवला तरी माझी हरकत नाही. कांद्याला शेतकऱ्याच्या हातात चांगला भाव पडावा आणि माझ्या पिशवीत तो स्वस्तात पडावा. मराठी शाळा जगल्याच पाहिजेत. मुलगी इंग्रजी माध्यमात गेली, ते तिच्या आईशी बोला. पोलिसांनी कडक व्हावं, मी हेल्मेट घरी विसरलो असेन तो दिवस सोडून. इतकं सगळं ठरलेल्या माणसासाठी एक ते आठमध्ये एकही बटण असू नये?

पक्षाच्या नावावरून आपण कोण ते कळतं, असं मानण्याचे दिवस महाराष्ट्रात तरी संपले. माझे सासरे मूळचे लालबागचे. धनुष्यबाण सोडून दुसरं चिन्ह त्यांनी नीट बघितलेलंही नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात शिवसेना काँग्रेसबरोबर सरकारात गेली, तेव्हा ज्या पंजाला शिव्या घालण्यात उमेद घालवली त्याच्याबद्दल यापुढे जरा जपून बोलायचं, एवढा बदल त्यांनी स्वतःत करून घेतला. २०२२ च्या जूनमध्ये पक्ष फुटला. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह दोन्ही शिंदे गटाला दिलं, त्या रात्री त्यांचा फोन आला. "काय हो जावईबापू, मी फुटलो की राहिलो?" माणूस आपल्या आरामखुर्चीतून उठलेला नव्हता. सव्वातीन वर्षांत त्याच्या भोवतीनं अख्खं राज्य फिरून गेलं.

सातारची आत्या त्या मानाने हुशार. २०२४ च्या लोकसभेला तिकडे 'तुतारी वाजवणारा माणूस' हे शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं आणि एका अपक्षाकडे पिपाणी होती. दोन्हींत घोटाळा झाला, पिपाणीला मिळालेली मतं पराभवाच्या फरकाहून जास्त निघाली, आणि त्यावर बरीच वाजावाजी झाली. मी आत्याला विचारलं, तू कुणाला दिलंस? म्हणाली, "वाजणाऱ्याला दिलं बाबा." यापुढे ती एक अक्षर बोललेली नाही. गुप्त मतदानाचा इतका काटेकोर आदर मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेला नाही.

आमदारांसाठी निदान कायदा तरी आहे. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, तीत एक-तृतीयांश लोक बाहेर पडले तर ती रीतसर 'फूट' धरली जाई आणि आमदारकी वाचे. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने ती वाट बुजवली. आता दोन-तृतीयांश जमवून विलीन व्हावं लागतं. मी हा कायदा एकदा स्वतःला लावून पाहिला. माझ्या डोक्यातला साधारण एक-तृतीयांश भाग उरलेल्या डोक्याच्या कायम विरोधात असतो. म्हणजे २००३ पर्यंत मी कायदेशीर होतो, त्यानंतर अपात्र. माझ्या डोक्यात दोन-तृतीयांश बहुमत आजवर एकाच ठरावाला मिळालंय, तो म्हणजे रविवारी मटण.

"मग नोटा दाब," असं एक मित्र म्हणाला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ पासून ते बटण यंत्रावर आहे. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर आला. पण उपयोग काय? पहिला आला तो आमदार झाला आणि दुसऱ्याला पराभवाबद्दल सांत्वन करायलाही कोणी गेलं नाही.

आमच्या घराण्यात राजकीय ओळखीचा हा गोंधळ जुना असावा. आजोबा १९५७ ला समितीचे. संयुक्त महाराष्ट्र समिती पुण्यात ६ फेब्रुवारी १९५६ ला स्थापन झाली (नेमक्या त्याच तारखेला, २०२४ साली, आयोगाने घड्याळ अजित पवारांच्या मनगटावर बांधलं, पंचांग बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी). समितीत साम्यवादी होते, समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होतं आणि हिंदू महासभाही होती. डांगे आणि अत्रे एका व्यासपीठावर, आणि खाली सतरंजीवर आजोबा. आजोबांना कोणी विचारलं असतं, तुम्ही डावे की उजवे, तर त्यांनी "मुंबईसह" असं उत्तर दिलं असतं. १९६० च्या १ मे रोजी मुंबई मिळाली, मंडळी आपापल्या घरी गेली, आणि आजोबा पुढची वीस वर्षं मत देऊन आल्यावर चिडलेले असत. बाबा जनता पक्षाचे. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात समाजवादी आणि पूर्वाश्रमीचे जनसंघवाले शेजारी-शेजारी बसले, तेव्हा बाबांना अतोनात आनंद झाला होता म्हणे. सरकार दोन वर्षंही टिकलं नाही. जनता पक्षाचे पुढे इतके तुकडे झाले की बाबांनी नाद सोडून शास्त्रीय संगीत धरलं.

एवढी परंपरा पाठीशी असताना माझा भाचा मला मोजायला निघाला. तो पुण्याला राज्यशास्त्र शिकतो. "मामा, पक्ष सोड. आयडियॉलॉजी बघू," असं म्हणून त्याने फोनवर पॉलिटिकल कंपास नावाची चाचणी उघडली. आडवी रेघ आर्थिक, डावीकडून उजवीकडे. उभी रेघ वर हुकूमशाही आणि खाली स्वातंत्र्य. प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग आपला ठिपका कुठे पडतो ते दिसतं. डावं-उजवं हे प्रकरण १७८९ च्या फ्रान्समधलं, राजाची बाजू घेणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले म्हणून सुरू झालेलं, असंही त्याने मला समजावलं. मी म्हटलं, आपल्या लोकसभेत सत्ताधारी जे कोणी असतील ते अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतात, म्हणजे आपल्याकडे निवडून येणारा उजवा आणि पडणारा डावा, इतकं सोपं आहे की. भाच्याने माझ्याकडे बघून पुढचा प्रश्न वाचला.

उत्तराचे पर्याय चारच: पूर्ण सहमत, सहमत, असहमत, पूर्ण असहमत. 'बघू' नाही. 'घरी विचारून सांगतो' नाही. 'तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण आत्ता नको' हा पर्याय तर नाहीच, आणि त्याच्याशिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायतसुद्धा चालत नाही. एक प्रश्न होता ज्योतिषात तथ्य आहे का. मी बाणेदारपणे 'पूर्ण असहमत' म्हटलं. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "परवा भाचीची पत्रिका घेऊन ठाण्याला कोण गेलं होतं?" मी म्हटलं, गेलो होतो, विश्वास नव्हता. भाच्याने विचारलं, याला कुठला पर्याय टिचकवू?

ठिपका मधल्या फुलीच्या जरासा डावीकडे आणि थोडा खाली पडला. "मामा, तू डावा उदारमतवादी आहेस," भाच्याने निकाल दिला. ही हात पुसत बाहेर आली, तिने तो ठिपका चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, एकदा सोसायटीच्या मीटिंगला येऊन बघा."

ती म्हणाली ते मला लागलं, कारण ते खरं होतं.

आम्ही डोंबिवलीला राहतो. मी पाचव्या मजल्यावर राहतो हे आत्ताच सांगून टाकतो, कारण माझी विचारसरणी तिथूनच सुरू होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी नावाची पुस्तिका असते. ती बहुतेक घरांत विजेच्या बिलांखाली दबलेली सापडेल. राजकीय विचारांचा इतका संपन्न ग्रंथ मराठीत दुसरा नाही. सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, घर एका खोलीचं असो की तीन. ही कडकडीत समता. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, म्हणजे मोठ्या घराने जास्त द्यायचं. पाणी नळांच्या हिशेबाने, म्हणजे ज्याचा वापर त्याचा खर्च. आणि गाड्या जास्त, जागा कमी असतील तर पार्किंगसाठी दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. मार्क्स, मिल आणि मटका, तिघं एकाच पुस्तिकेत सुखाने नांदतात.

गेल्या वर्षी लिफ्टची मोठी दुरुस्ती निघाली. उपविधी सांगतात की लिफ्टचा खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा, वापरा नाहीतर नका वापरू. तळमजल्यावरचे काका उभे राहिले. "मी त्या लिफ्टमध्ये आजवर पाय ठेवलेला नाही. ज्याने वापरावी त्याने भरावं." काकांची पंचाहत्तरी उलटली आहे, २०२२ पासून त्या वयाच्या लोकांना एसटी फुकट आहे आणि काका त्या सवलतीवर कोकणात वाऱ्या करतात. तरीही त्यांचं बोलणं मुद्द्याचं होतं हे मान्य केलं पाहिजे. मी उत्तराला उठलो. समाज म्हणजे काय, ज्याला जिना चढायचा नाही त्याने चढणाऱ्याचा विचार करायचा की नाही, उद्या मूलबाळ नसलेला माणूस शाळांसाठी कर भरणार नाही म्हणेल, असं मी बोलत गेलो. माझा आवाज भरून आला. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याने अर्धवट वाजवल्या. पहिला मजला पंख्याकडे बघत होता.

मध्ये वेफर्स आणि कोल्ड्रिंक झालं. पुढचा विषय पार्किंग. दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाने उपविधींवर बोट ठेवलं. दरवर्षी चिठ्ठ्या टाका. माझी जागा गेटजवळ, आंब्याच्या सावलीत, पहिल्यापासून माझी. मी पुन्हा उठलो. आता मला वहिवाट आठवली, स्थैर्य आठवलं, वर्षानुवर्षांच्या व्यवस्थेला एका फटक्यात हात लावण्यातले धोके आठवले. या वेळी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या तळमजल्यावरच्या काकांनी. त्यांची स्कूटर माझ्या शेजारीच असते. तळमजला आणि पाचवा मजला यांची ही पहिली युती. किमान समान कार्यक्रम, आंब्याची सावली.

"लिफ्टपुरता समाजवादी आणि पार्किंगपुरता सरंजामदार," ही त्या रात्री गादी घालताना म्हणाली. भाच्याच्या चाचणीपेक्षा हा निकाल अचूक आहे. त्या आलेखात मजला नावाची रेघच नाही. मी तळमजल्याला राहत असतो तर काकांचं भाषण मीच केलं असतं, कदाचित जास्त चांगलं केलं असतं. आणि हे केवळ आमच्या इमारतीचं वर्णन आहे असं मला वाटत नाही. अनुदान म्हणजे दुसऱ्याला मिळतं ते, आणि हक्क म्हणजे आपल्याला मिळतो तो, ही व्याख्या मी मंत्रालयापासून आमच्या गावच्या पारापर्यंत सगळीकडे ऐकली आहे.

मात्र त्याच सभेत शेवटचा एक विषय होता, तो या हिशेबात बसेना. अविवाहित मुलांना यापुढे फ्लॅट भाड्याने द्यायचे नाहीत, असा ठराव होता. चौथ्या मजल्यावर, माझ्या झोपायच्या खोलीच्या बरोब्बर खाली, अशी चार पोरं राहतात. रात्री एक वाजता त्यांची क्रिकेटची मॅच सुरू होते आणि विकेट पडली की मला जाग येते. माझा मजला, माझी झोप, माझा रक्तदाब, सगळं ठरावाच्या बाजूने होतं. ठरावाला विरोध असलेल्यांनी हात वर करा, असं सेक्रेटरी म्हणाले आणि माझा हात वर गेला. का गेला, याचं चांगलंसं स्पष्टीकरण माझ्याकडे तयार नव्हतं. इतक्या जणांनी मिळून त्या पोरांना, ती खोलीत नसताना, हाकलावं हे मला बघवेना, इतकंच.

आणखी एकच हात वर होता, काकांचा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे काका सकाळी सहापासून देश कोणापासून वाचवायचा याची यादी टाकत असतात आणि त्या यादीत माझ्यासारखे लोक बरेच वर असतात. मी चकित होऊन त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "मी रत्नागिरीहून आलो तेव्हा परळला एका खोलीत अकराजण झोपायचो. लग्न झालेलं नव्हतं. आम्ही काय दरोडे घालत होतो?"

ठराव अर्थातच मोठ्या बहुमताने मंजूर झाला. आमचा विरोध इतिवृत्तात नोंदवा, असा आग्रह आम्ही दोघांनी धरला आणि सेक्रेटरींनी कंटाळून एक ओळ लिहिली. खाली दोन सह्या आहेत. माझं राजकीय मत काय, याचा लेखी पुरावा मागाल तर माझ्याकडे तेवढाच आहे, आणि त्याच्या शेजारी सही ज्याची आहे त्याच्याशी माझं बाकी एकाही बाबतीत जुळत नाही.

लिफ्टवरून तर मुळीच नाही. काका वर्गणी भरतात, पण दर वेळी पावतीवर 'निषेधासह' असं लिहून घेतात.